विकायला काढलेली चांदी

२९ ऑक्टोबर १९८६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकेचे अर्थमंत्री जेम्स बेकर यांच्या हस्ते एक नवे नाणे पाडले गेले. व्यास ४०.६ मिलिमीटर, चांदी ९९.९ टक्के शुद्ध, वजन एक ट्रॉय औंस. आपल्या सराफी मापात बरोबर दोन तोळे आठ मासे. एका बाजूला उगवत्या सूर्याकडे चालत निघालेली स्वातंत्र्यदेवता, दुसऱ्या बाजूला छातीवर ढाल घेतलेला गरुड. नाण्यावर किंमत लिहिली होती एक डॉलर, आणि आतली चांदीच त्या दिवशीच्या भावाने पाच डॉलरांच्या वर जात होती. हे नाणे कोणी दुकानात मोडणार नव्हते. ते घ्यायचे आणि ठेवायचे, एवढ्यासाठीच होते.

‘अमेरिकन सिल्व्हर ईगल’ या नावाने हे नाणे आज जगभरचे संग्राहक जमवतात. कोणत्या वर्षी किती पाडली, कोणत्या टाकसाळीची कोणती खूण, हे त्यांना तोंडपाठ असते. पण ज्या सरकारने १९८६ च्या वीस वर्षे आधी आपल्या चलनातून चांदी काढून टाकली, त्याच सरकारला पुन्हा चांदीचे नाणे काढावेसे का वाटले, हा प्रश्न मला या नाण्याच्या सौंदर्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर तिजोऱ्यांत पडून राहिलेल्या चांदीत आहे, आणि त्या चांदीचा माग काढत गेले तर वाटेत मुंबई लागते.

सुरुवात नेवाडातल्या डोंगरांत होते. १८५९ मध्ये तिथे कॉमस्टॉक नावाचा चांदीचा प्रचंड साठा सापडला. पुढच्या वीस वर्षांत अमेरिकेच्या पश्चिमेकडून चांदीचा लोट सुरू झाला, आणि नेमक्या त्याच काळात जर्मनीसह युरोपातले देश चांदीचे चलन सोडून सोन्याकडे वळत होते. भाव घसरू लागला. खाणमालकांना गिऱ्हाईक हवे होते. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांना बाजारात पैसा वाढायला हवा होता. दोघांचा जोर एकत्र झाला आणि १८७८ मध्ये ब्लँड-ॲलिसन कायदा आला. सरकारने दरमहा किमान २० लाख डॉलरांची चांदी विकत घ्यायची आणि तिचे डॉलर पाडायचे. १८९० च्या शर्मन कायद्याने ही खरेदी महिन्याला ४५ लाख औंसांवर नेली. १८९३ च्या आर्थिक संकटात ती थांबली खरी, पण तोवर सरकारी तळघरे भरली होती. लोकांना एवढे जड नाणे खिशात नको होते. ते चांदीची हमी असलेली कागदी प्रमाणपत्रे वापरत, आणि प्रत्यक्ष डॉलर पोत्यांत पडून राहत. १९०४ पर्यंत असे सुमारे ५७ कोटी डॉलर पाडले गेले. जॉर्ज मॉर्गन यांनी घडवलेले म्हणून संग्राहक त्यांना ‘मॉर्गन डॉलर’ म्हणतात.

या पोत्यांची गरज पडली ती पहिल्या महायुद्धात, हिंदुस्थानला.

युद्ध लांबले तसा ब्रिटन हिंदुस्थानातून ताग, गहू, कातडी अशा मालाची उचल करत राहिला. मेसोपोटेमियातल्या फौजांचा खर्चही रुपयांतच भागवायचा होता. बदल्यात पाठवायला ब्रिटनकडे ना पुरेसा माल होता, ना सोने. म्हणजे शेतकऱ्याच्या आणि शिपायाच्या हातात रुपयाच पडायला हवा होता, आणि रुपया म्हणजे एक तोळा वजनाचे चांदीचे नाणे. तिकडे चांदीचा भाव चढत होता. लंडनमध्ये औंसाला ४३ पेन्सच्या वर भाव गेला की रुपयातली चांदी रुपयाच्या १ शिलिंग ४ पेन्स या ठरलेल्या किमतीपेक्षा महाग पडे. १९१७ च्या सप्टेंबरात तो ५५ पेन्सवर पोचला. रुपये वितळवणे फायद्याचे झाले. सरकारने त्याआधीच वितळवण्यावर बंदी घातली होती. नोव्हेंबरात एक रुपयाची पहिली कागदी नोट काढली. लोकांचा विश्वास बसावा म्हणून तिच्यावर चांदीच्या रुपयाचेच चित्र छापले. विश्वास चित्रावर बसत नाही. नोटेच्या बदल्यात चांदीचा रुपया मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला होता आणि लोक तो बजावू लागले.

मार्च १९१८ मध्ये पश्चिम आघाडीवर जर्मनांनी मोठी चढाई केली. वाईट बातम्या बाजारात पोचल्या आणि मुंबईच्या करन्सी ऑफिसावर नोटा मोडून रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली. एप्रिलच्या आरंभी सरकारजवळ साडेदहा कोटींच्या आसपास रुपये शिल्लक होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते चार कोटींवर आले. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने ही रक्कम किती तुटपुंजी होती, हे वेगळे सांगायला नको. एखाद्या कचेरीने चांदी संपल्याची पाटी लावली असती तर नोट म्हणजे नुसता कागद झाली असती, आणि ऐन युद्धात साम्राज्याचा सगळा पुरवठा अडला असता.

जगात एवढी चांदी एकरकमी फक्त एकाच ठिकाणी होती. वॉशिंग्टनमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड रीडिंग यांनी बोलणी केली, आणि २३ एप्रिल १९१८ रोजी पिटमन कायदा झाला. त्याच्या लांबलचक नावात हिंदुस्थानचा उल्लेखच नाही. शत्रूशी लढणाऱ्या परकीय सरकारांना मदत, असे मोघम म्हटले आहे. या कायद्याने ३५ कोटींपर्यंत चांदीचे डॉलर वितळवण्याची परवानगी मिळाली. प्रत्यक्षात वितळले २७,०२,३२,७२२. तोवर पाडलेल्या मॉर्गन डॉलरांपैकी जवळजवळ निम्मे. त्यांतल्या सुमारे २५ कोटी ९१ लाख डॉलरांची चांदी औंसाला एक डॉलर या भावाने ब्रिटनला हिंदुस्थानासाठी विकली गेली.

इथे एक हिशेब मांडण्याचा मोह मला आवरत नाही. अमेरिकन डॉलरात शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन, आपल्या रुपयात १६५ ग्रेन. भागाकार करून पाहा: एका डॉलरात बरोबर सव्वादोन रुपये. दोन खंडांतल्या दोन नाण्यांचा हा भाग असा नेमका जावा हा केवळ योगायोग, पण त्या योगायोगाने ५८ कोटी रुपयांची चांदी समुद्रापार आली. पावसाळ्यात तिच्या लगडी मुंबईला पोचू लागल्या आणि फोर्टातल्या टाकसाळीत पाचव्या जॉर्जच्या रुपयात उतरू लागल्या. करन्सी ऑफिसचे दरवाजे उघडे राहिले.

कायदा ज्यांच्या नावाचा, ते की पिटमन नेवाडाचे सिनेटर होते, आणि आपल्या खाणींना विसरून त्यांनी हिंदुस्थानला चांदी दिली नव्हती. जेवढे डॉलर वितळले तेवढे सरकारने पुन्हा पाडायचे, आणि त्यासाठीची चांदी अमेरिकन खाणींकडून औंसाला एक डॉलर भावाने घ्यायची, असे कलम कायद्यात होते. १९२१ मध्ये बाजारभाव साठ-पासष्ट सेंटांवर उतरला, तरी खाणमालकांना पूर्ण डॉलर मिळत राहिला. पश्चिमेकडच्या सिनेटरने चांदीला सरकारी गिऱ्हाईक मिळवून द्यायचे, ही रीत तेव्हापासून पक्की झाली. सिल्व्हर ईगलचा जन्म समजायला हे कलम लक्षात ठेवावे लागते.

१९३४ मध्ये रूझवेल्ट यांच्या काळात पुन्हा चांदी खरेदीचा कायदा आला. इतकी चांदी जमा झाली की १९३८ मध्ये वेस्ट पॉइंटला तिच्यासाठी वेगळे कोठार बांधावे लागले. दुसऱ्या महायुद्धात तांब्याचा तुटवडा पडला तेव्हा अणुबॉम्बच्या प्रकल्पाने या कोठारातून १४,७०० टन चांदी उसनी घेतली आणि ओक रिज इथे युरेनियम वेगळे करणाऱ्या यंत्रांच्या विद्युतचुंबकांत तारेसारखी वापरली. तिचा शेवटचा हिस्सा परत यायला १९७० उजाडले. त्याच युद्धात हिंदुस्थानलाही पुन्हा चांदी मिळाली, पण या वेळी उसनवारीने: २२ कोटी ६० लाख औंस. स्वतंत्र भारत आणि पाकिस्तान यांनी ती पुढे औंसाला औंस परत केली.

साठच्या दशकात चित्र उलटले. उद्योगांना आणि फोटोच्या फिल्मला चांदी अपुरी पडू लागली. भाव १.२९ डॉलरला भिडला, म्हणजे जुन्या डॉलरातली चांदी एक डॉलरची झाली. १९६५ च्या कायद्याने दहा आणि पंचवीस सेंटांच्या नाण्यांतून चांदी पूर्णपणे गेली. २४ जून १९६८ ला कागदी प्रमाणपत्रावर चांदी देणेही बंद झाले. उरलेल्या चांदीपैकी १६.५ कोटी औंस संरक्षणाच्या राखीव साठ्यात टाकले. त्यातली काही पुढे ‘आयझेनहॉवर डॉलर’ या नाण्यांसाठी गेली आणि १३ कोटी ९५ लाख औंस राहिले. १९७६ मध्ये सरकारने ठरवले की युद्धासाठी चांदीचा साठा ठेवण्याची गरजच नाही. मग ही चांदी विकायची कशी?

त्यातच टेक्सासच्या हंट बंधूंनी बाजार हलवून सोडला. नेल्सन बंकर आणि विल्यम हर्बर्ट यांनी चांदी इतकी खरेदी केली की १९७९ च्या आरंभी सहा डॉलरांच्या आसपास असलेला भाव जानेवारी १९८० मध्ये पन्नास डॉलरांपाशी गेला. अमेरिकेत घराघरांतले चमचे, ताटे, जुनी नाणी भट्टीत गेली. २७ मार्च १९८० च्या गुरुवारी सगळे कोसळले आणि भाव अकरा डॉलरांच्या खाली आला. ज्यांनी वाडवडिलांची चांदी मोडली त्यांना ती परत मिळाली नाही.

रेगन सरकारला १९८१ मध्ये अर्थसंकल्पातली तूट भरायची होती. राखीव साठ्यातले दहा कोटींहून जास्त औंस तीन वर्षांत विकायला मंजुरी मिळाली, आणि ऑक्टोबरात साप्ताहिक लिलाव सुरू झाले. एवढी चांदी बाजारात येणार या वार्तेनेच भाव आणखी पडला. आयडाहोच्या खाणपट्ट्यात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक जमिनीखाली चांदीच खोदत आले होते, तिथे खळबळ उडाली. आयडाहोचे सिनेटर जेम्स मॅक्क्लुअर यांनी जोर लावला आणि डिसेंबरात काँग्रेसने लिलाव थांबवले.

मॅक्क्लुअर यांच्याकडे पर्याय तयार होता. चांदी ढिगाने न विकता तिची नाणी करा. माणसे एक-एक, दहा-दहा नाणी घेतील, घरात ठेवतील. विक्री वर्षानुवर्षे पसरेल, भाव ढासळणार नाही आणि सरकारला पैसेही मिळतील. पहिला प्रयत्न १९८३ चा; तो अडला. १९८५ मध्ये स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या शताब्दीनिमित्त स्मारक नाण्यांचे विधेयक आले. त्याला विरोध करणे कोणालाच शोभणारे नव्हते. मॅक्क्लुअर यांनी आपला मसुदा त्यालाच जोडला. ९ जुलै १९८५ रोजी रेगन यांनी सही केली. नाण्याची चांदी राखीव साठ्यातूनच यावी, असे कायद्यातच लिहिले होते. हे नाणे जन्मले ते साठा रिकामा करण्यासाठी.

शुद्ध चांदीचे एक औंसाचे नाणे काढण्यात अमेरिका पहिली नव्हती. मेक्सिकोचे ‘लिबर्ताद’ १९८२ चे. पण अमेरिकेने चित्र निवडले ते जुने, आणि मला वाटते तिथेच हे नाणे जिंकले. ॲडॉल्फ वाइनमन जर्मनीत जन्मले, दहा वर्षांचे असताना अमेरिकेत आले, आणि शिल्पकार सेंट-गॉडन्स यांच्या हाताखाली शिकले. १९१६ मध्ये त्यांनी अर्ध्या डॉलरसाठी चालती स्वातंत्र्यदेवता घडवली. अंगाभोवती झेंडा, हातात लॉरेल आणि ओकच्या फांद्या, पायांपुढे सूर्य. ते नाणे १९४७ पर्यंत चालले. लहान नाण्यावर ती रेषा कोंदटल्यासारखी होई. चाळीस मिलिमीटरच्या नाण्यावर वस्त्राची चूण न्‌ चूण दिसते. मागचा गरुड फिलाडेल्फियाच्या टाकसाळीतले कोरक जॉन मर्कांटी यांचा.

२४ नोव्हेंबर १९८६ ला विक्री सुरू झाली. सरकार बुलियन नाणी थेट लोकांना विकत नाही. ठरावीक मोठे व्यापारी ती चांदीच्या भावावर थोडी आकारणी देऊन उचलतात. नाणी येतात हिरव्या पेटीत: एका नळीत वीस, पेटीत पंचवीस नळ्या, एकूण पाचशे. या साध्या नाण्यांवर टाकसाळीची खूण नसते. संग्राहकांसाठी आरशासारखी चकचकीत ‘प्रूफ’ नाणी वेगळी, त्यांवर खूण असते, आणि ती टाकसाळ स्वतः विकते. पहिल्या वर्षी ५३,९३,००५ साधी नाणी खपली आणि साडेचौदा लाखांच्या आसपास प्रूफ.

मॅक्क्लुअर यांना चांदी खपवायची होती. लोकांनी मात्र ती मालिका मानली. दरवर्षी एक नाणे, तेच चित्र, फक्त साल बदलायचे. कमी पैशांत सुरू करता येतो आणि पुरा करता येईल असा वाटतो, म्हणून हा संग्रह पगारदार माणसाच्या आवाक्यातला होता. १९९६ मध्ये मागणी मंदावली आणि फक्त ३६,०३,३८६ साधी नाणी निघाली. आजवरचा हा नीचांक असल्याने ते साल लगेच महाग झाले.

त्याच्या आदल्या वर्षी जे घडले ते संग्राहक अजून विसरलेले नाहीत. गरुड नाण्यांची दहा वर्षे झाली म्हणून टाकसाळीने १९९५ मध्ये सोन्याच्या चार प्रूफ नाण्यांचा संच काढला, किंमत ९९९ डॉलर. त्यासोबत चांदीचे एक प्रूफ, वेस्ट पॉइंटच्या टाकसाळीची ‘डब्ल्यू’ खूण असलेले, भेट म्हणून. सुटे मिळणार नाही. वर्षाला वीस-पंचवीस डॉलर खर्चून मालिका जमवणाऱ्याने एका नाण्यासाठी हजार डॉलरचे सोने घ्यावे, ही अपेक्षा अन्यायाचीच होती आणि तसा संतापही झाला. फक्त ३०,१२५ नाणी निघाली. आज त्या एका नाण्याला हजारो डॉलर पडतात. कित्येकांच्या अल्बममधली ती खोबण रिकामीच राहिली आहे.

२००२ पर्यंत राखीव साठा आटला. कायद्याचा हेतू सफल झाला होता. नाणे तिथेच थांबवता आले असते. पण आता त्याला लाखो घरे होती. २३ जुलै २००२ रोजी नवा कायदा करून टाकसाळीला बाजारातून चांदी विकत घ्यायची मुभा दिली गेली. विकायला निघालेले सरकार पुन्हा गिऱ्हाईक झाले. २००८ च्या आर्थिक पडझडीत लोक चांदीकडे धावले आणि कोऱ्या चकत्या पुरेनात. साध्या नाण्यांची मागणी आधी पुरी करा, असे कायदा सांगत होता. म्हणून २००९ मध्ये एकही प्रूफ निघाले नाही. कोणतीही दुर्मिळता कोणी योजली नव्हती, तरी मालिकेत कायमची फट पडली. २०१५ मध्ये ४ कोटी ७० लाख नाणी खपली: त्या वर्षी अमेरिकेच्या सगळ्या खाणींतून निघालेल्या चांदीपेक्षा हा आकडा मोठा आहे.

त्याच २०१५ ची एक गोष्ट उशिरा बाहेर आली. वेस्ट पॉइंटवरचा भार हलका करायला थोडी नाणी फिलाडेल्फियात पाडली होती. खूण नसल्याने नाण्याकडे पाहून ती ओळखू येत नाहीत, भिंगाखालीही नाही. माहितीच्या अधिकारातल्या अर्जावर २०१७ मध्ये टाकसाळीने आकडा दिला: ७९,६४०. ओळख पटते ती फक्त हिरव्या पेटीवरच्या क्रमांकावरून. ज्यांनी पेटी फोडून नळ्या वाटल्या त्यांच्याकडे ते नाणे असेलही, पण सिद्ध करता येणार नाही. २०२१ मध्ये गरुडाचे चित्र बदलले. एमिली डॅमस्ट्रा यांचा गरुड ओकची फांदी घेऊन घरट्याकडे उतरतो. बनावट नाणी ओळखावीत म्हणून कडेच्या दात्यांत एक जागा मुद्दाम सोडली. वाइनमन यांची आद्याक्षरेही तेव्हाच या नाण्यावर आली.

आज पेट्यांचे क्रमांकसुद्धा जपले जातात. १९१८ मध्ये पोती भट्टीत रिकामी झाली तेव्हा कोणत्या साली, कोणत्या टाकसाळीत पाडलेले किती डॉलर गेले, याची नोंद कोणी ठेवली नाही. त्यामुळे मॉर्गन डॉलरांच्या कोणत्या सालातले किती उरले, हे संग्राहकांना अजूनही अंदाजानेच ठरवावे लागते.

त्या चांदीचे दुसरे टोक आपल्याकडे आहे. लक्ष्मीपूजनाच्या तबकात ठेवायच्या बंद्या रुपयांत १९१८ किंवा १९१९ चा, पाचव्या जॉर्जचा एखादा असेल तर तो उलटा करून पाहा. मागच्या बाजूला, तळाच्या कमळाखाली बारीकसा उठावाचा ठिपका असला, तर तो रुपया मुंबईच्या टाकसाळीचा.